पिसाच्या मनोऱ्यात सिमेंट कुणी खाल्लं?

मागच्या अंकात घराच्या पायाबद्दल लिहिताना मी पिसाच्या मनोऱ्याचं एका ओळीत नाव घेतलं होतं. पायाबद्दल एका वाचकाचं पत्र आलं, मनोऱ्याबद्दल गठ्ठाभर. तेव्हा या वेळचं सदर मनोऱ्याला. माझी सगळी नोकरी सरकारी माती प्रयोगशाळेत गेली: नमुने वाळवायचे, दाबायचे, अहवाल लिहायचा आणि साहेबांनी तो न वाचता फायलीला लावलेला बघायचा. त्यामुळे मी मातीच्या बाजूने बोलणार, हे आधीच सांगून ठेवते.

ताई, आमच्या कट्ट्यावर वाद पेटलाय. एक म्हणतो, मनोरा मुद्दाम तिरका बांधला, लोक बघायला यावेत म्हणून. दुसरा म्हणतो, कॉन्ट्रॅक्टरनं सिमेंट खाल्लं. पैज मिसळीची आहे. निकाल द्या.
— कट्टेकरी, मिरज

मिसळ ज्यानं त्यानं आपापल्या पैशानं खावी. दोघंही हरलात.

काम सुरू झालं ११७३ मध्ये. आज आपण ज्याला सिमेंट म्हणतो ते यायला अजून सहा शतकं आणि वर काही वर्षं होती, त्यामुळे खायला सिमेंटच नव्हतं. बांधकाम चुन्याचं आणि संगमरवराचं. आणि पैसा कुठला म्हणाल, तर बेर्ता दी बेर्नार्दो नावाच्या एका विधवा बाईनं ११७२ मध्ये या कामाच्या दगडांसाठी साठ नाणी ठेवली होती. विधवेनं देवाला दिलेल्या पैशांत हात घालायची कुणाची छाती झाली नसेल असं म्हणावंसं वाटतं. पण मी सरकारी नोकरी केलेली आहे, त्यामुळे त्यावर पैज लावणार नाही.

मुद्दाम तिरका म्हणणाऱ्या गृहस्थांना एवढंच सांगा, की बांधणारे पुढची दोनशे वर्षं तो सरळ करायच्या खटपटीत होते. ते कसं, ते खाली नागपूरकरांच्या पत्रात वाचा.

आता माती. पिसा हे गाव आर्नो नदीच्या गाळावर वसलेलं. मनोऱ्याखाली वरचे दहाएक मीटर बारीक वाळू आणि गाळ यांचं मिश्रण, आणि त्याच्याखाली समुद्रानं साठवलेली मऊ चिकणमाती, कित्येक मीटर खोलवर. वरचा थर सगळीकडे सारखा असता तरी निभावलं असतं. पण दक्षिणेकडे तो जरा जास्त चिकण आहे, म्हणजे जास्त दबणारा. अशा जमिनीत त्यांनी पाया घेतला जेमतेम ३ मीटर. आणि त्यावर बसवलं काय, तर सुमारे १४,५०० टनांचं धूड. पायाचा व्यास वीस मीटरच्या आतच, म्हणजे दर चौरस मीटरवर ५० टनांच्या आसपास भार झाला. माझ्या प्रयोगशाळेत कुणी हा आकडा घेऊन आला असता तर मी त्याला आधी खुर्चीत बसवलं असतं आणि मग पाणी दिलं असतं.

मनोरा नुसता कललेला नाही, तो सरळसरळ खालीही बसलाय. सरासरी ३ मीटरच्या आसपास. ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण खाली बसण्याचा फोटो चांगला येत नाही.

आणि दोष मातीचाच, याचा पुरावा हवा असेल तर गावात फिरा. पिसात सान निकोला आणि सान मिकेले या देवळांचे घंटामनोरेही कललेले आहेत. एक मनोरा कलला तर गवंड्याला धरा. गावातले तीन कलले तर गवंड्याला सोडा आणि जमीन बघा.

बाई, शाळेत शिकलो की गुरुत्वमध्यातून टाकलेला लंब तळाच्या आत पडला की वस्तू पडत नाही. पिसाच्या मनोऱ्याचं एवढंच कारण आहे का? साडेआठशे वर्षं नुसत्या लंबावर उभा आहे?
— निवृत्त गणित शिक्षक, नागपूर

गुरुजी, लंब तळात पडतो हे खरंच. पण तुमचं सूत्र खालची जमीन दगडाची आहे असं धरून चालतं. कापसाच्या नव्या गादीवर डब्यांची उंच चळत रचून बघा. काही उंचीपर्यंत उभी राहते, आणि एका उंचीनंतर लंब आत असो की बाहेर, ती कलू लागते, कलली की त्या बाजूची गादी जास्त दबते, दबली की चळत आणखी कलते. पिसाची गोष्ट हीच. अभ्यासकांनी हिशेब केल्यावर जे निघालं ते मला फार आवडतं: हा मनोरा सलग बांधत नेला असता तर बांधतानाच आडवा झाला असता.

तो वाचला, कारण काम रखडलं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले आणि ११७८ च्या सुमारास काम थांबलं. पिसाची जेनोआ, लुक्का, फ्लॉरेन्स अशी सगळ्या शेजाऱ्यांशी भांडणं, पैसा लढायांत जायचा. थांबलं ते जवळजवळ शंभर वर्षं. त्या शंभर वर्षांत चिकणमातीतलं पाणी हळूहळू दाबानं बाहेर गेलं आणि माती घट्ट झाली. १२७२ मध्ये जिओव्हान्नी दी सिमोने यानं काम पुन्हा हाती घेतलं, वरचे मजले चढवले, आणि परत काम बंद. १२८४ मध्ये मेलोरियाच्या आरमारी लढाईत जेनोआनं पिसाचं कंबरडंच मोडलं. मातीला पुन्हा विश्रांती. सगळ्यात वरचा घंटांचा मजला पुरा झाला १३७२ च्या सुमारास. म्हणजे पायापासून घंटेपर्यंत दोनशे वर्षं. आपल्याकडे उड्डाणपूल रखडला की वर्तमानपत्रं ओरडतात. पिसाचे लोकही ओरडले असतील. तिथं मात्र लढायांनी आणि रिकाम्या तिजोरीनं जे इंजिनिअरिंग केलं ते कुणा शहाण्याला जमलं नसतं.

आता सरळ करायची खटपट. सुरुवातीला मनोरा किंचित उत्तरेकडे कलला होता. मग वजन वाढलं तसा त्यानं पक्ष बदलला आणि दक्षिणेकडे गेला. गवंडी बिचारे ओळंबा टाकून बघत होते आणि प्रत्येक थरात खचलेल्या बाजूला दगड जरा उंच घडवून वरचं काम सरळ घेत होते. खालचं तिरकं, वरचं त्याहून कमी तिरकं, म्हणून मनोरा अखेर नुसता कललेला राहिला नाही, वाकलाही. घंटांच्या मजल्यावर तर हे उघड दिसतं: तिथं चढायला उत्तरेकडून ४ पायऱ्या आहेत आणि दक्षिणेकडून ६. ओळंबा खोटं बोलत नव्हता, पण खाली जमीन रोज थोडी थोडी हलत होती. अशा साइटवर मुकादमाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करून मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

आजी, गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून दोन गोळे खाली टाकले होते ना? ते कोणाच्या डोक्यात पडले नाहीत का?
— इयत्ता सातवी, सातारा

बाळ, डोक्यात पडायला ते टाकले गेले असले पाहिजेत. ही गोष्ट त्याच्या विव्हियानी नावाच्या शिष्यानं गुरूच्या चरित्रात लिहिली. गॅलिलिओ पिसाचाच, जन्म १५६४ चा, आणि पुढं तिथल्या विद्यापीठात शिकवायलाही होता. पण मनोऱ्यावरून गोळे टाकल्याचं त्यानं स्वतः कुठं लिहिलेलं नाही, त्यामुळे बहुतेक इतिहासकार ही गोष्ट सावधपणेच सांगतात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरानं मात्र चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं, आणि दोन्ही एकदमच पडली. त्याची फिल्म आहे, ती बघ. गच्चीवरून काहीही टाकायचं नाही. तुझ्या आईला मी हे सांगितलंय असं सांग.

मॅडम, आमच्या गावात रस्ता उंच झाला म्हणून एकानं अख्खं घर जॅकवर उचलून घेतलं. तीनशे जॅक लावले, आत फ्रिज चालू होता. इटलीवाल्यांना जॅक मिळत नाहीत का? सरळ का करत नाहीत?
— जॅकप्रेमी, इचलकरंजी

जॅकला टेकायला खाली घट्ट काहीतरी लागतं. तेच तर तिथं नाही. शिवाय सरळ करायला जाणाऱ्यांचा तिथला इतिहास तुम्हाला सांगते, मग जॅक घेऊन जायचं की नाही ते ठरवा.

१८३८ मध्ये गेरार्देस्का नावाच्या वास्तुविशारदाला वाटलं, मनोऱ्याचे खांब खाली गाडले गेलेत, लोकांना त्यांचा तळ दिसला पाहिजे. हेतू चांगला. त्यानं पायाभोवती खणून चालायला गोल वाट केली. भूजल वरच होतं, ते उसळून आत आलं, आणि मनोरा एकदम आणखी कलला.

१९३४ मध्ये मुसोलिनीचं सरकार. कललेला मनोरा राष्ट्राला शोभत नाही असं त्यांचं मत. पायात ३६१ भोकं पाडली आणि टनावारी सिमेंटचं पाणी आत ढकललं. (कट्टेकरी मिरज, सिमेंट आलं ते इथं.) मनोरा दक्षिणेकडे अजून सरकला. हुकूमशहाचं सगळ्यांनी ऐकलं, मातीनं नाही.

मग १९८९ च्या मार्चमध्ये पाव्हिया गावातला जुना मनोरा काही सूचना न देता कोसळला आणि चार माणसं गेली. तो फारसा कललेलासुद्धा नव्हता. मग पिसाचं काय, या भीतीनं जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा बंद केला. तेव्हा त्याचा कल साडेपाच अंशांपर्यंत गेला होता, वरचं टोक तळापासून साडेचार मीटर बाहेर. भीती दोन गोष्टींची होती: जमीन अजून दबेल याची, आणि दक्षिणेकडच्या खालच्या दगडांवर आलेला भार त्यांना सोसणार नाही याची. म्हणून आधी खालच्या मजल्याभोवती पोलादी पट्टे आवळले.

जागतिक तज्ज्ञांची समिती बसली, अध्यक्ष मिकेले यामिओल्कोव्स्की, आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन बर्लंड त्यात. १९९३ मध्ये त्यांनी उत्तरेकडे शिशाच्या ६०० टन विटा ठेवल्या. मनोरा किंचित उत्तरेकडे आला. इतक्या शतकांत पहिल्यांदा. पण शिशाचा ढीग दिसायला भयंकर, म्हणून ठरलं की त्याच्याऐवजी उत्तर बाजू खाली ओढून धरायला जमिनीत खोल नांगर (जहाजाचा असतो तसा) टाकू. त्यासाठी खणायचं तर पाणी आत येणार, म्हणून द्रवरूप नायट्रोजननं जमीन गोठवली. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत मनोरा इतका सरकला, जितका एरवी वर्षभरात सरके. धावपळ करून वर आणखी शिसं चढवावं लागलं. गोठलेलं पाणी फुगतं, वितळल्यावर जागा सोडतं, हे आपल्या घरच्या फ्रीजरमधली बाटली सांगते, पण समितीला ते तिथं भोगावं लागलं.

शेवटी उपयोगी पडलं ते सगळ्यात साधं. खचलेल्या बाजूला भर घालायची नाही, उलट उंच बाजूची माती काढायची. उत्तरेकडून पायाखाली तिरक्या नळ्या घालून, आत फिरणारा पेचदार गिरमिट घालून थोडी थोडी माती उपसायची. पोकळी आपोआप बुजते, उत्तर बाजू हळूच खाली बसते, मनोरा मागे येतो. १९९९ ते २००१ मध्ये हे काम झालं. किती माती काढली? ३८ घनमीटर. आपल्या हिशेबात १३ ब्रासच्या आसपास. बंगल्याच्या पायाला याहून जास्त निघते. तेवढ्यानं साडेचौदा हजार टनांचा मनोरा वर चाळीस सेंटीमीटरहून जास्त मागे आला, कल ४ अंशांच्या आसपास राहिला, म्हणजे साधारण गेरार्देस्कानं खणायच्या आधी होता तिथं. डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. उत्तरेकडून हिवाळ्यात भूजल चढलं की मनोरा ढकलला जायचा, म्हणून पाणी काढायच्या नाल्याही केल्या.

ही माती काढायची कल्पना तेर्राचिना नावाच्या इटालियन इंजिनिअरनं १९६२ मध्येच मांडली होती. तीसहून जास्त वर्षं कागदावर. हे वाचून मला जगाच्या पाठीवरची सगळी कार्यालयं एकदम आपली वाटायला लागली.

पूर्ण सरळ का केलं नाही? उरलेला कल काढायला अजून कितीतरी माती काढावी लागली असती, जोखीम वाढली असती. आणि मुळात सरळ झाल्यावर तिथं जाणार कोण? पिसाच्या हॉटेलवाल्यांना विचारा.

आम्ही फ्रिमॉन्टला राहतो. सॅन फ्रान्सिस्कोची मिलेनियम टॉवर पण कललीय म्हणतात. एकविसाव्या शतकात, अमेरिकेत? विश्वास बसत नाही.
— एक वाचक, कॅलिफोर्निया

बसवा. ५८ मजले, २००९ मध्ये लोक राहायला आले, आणि २०१६ मध्ये बाहेर आलं की इमारत खचतेय आणि कलतेय. तिचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, खडकापर्यंत नेलेच नव्हते, वरच्या दाट वाळूच्या थरात थांबवले होते आणि वाळूखालची चिकणमाती दबत गेली. दुरुस्तीला हात घातला तेव्हा २०२१ मध्ये कल आणखी वाढला आणि काम थांबवावं लागलं. ओळखीचं वाटतंय ना? नंतर दोन बाजूंनी मिळून १८ पाइल खडकापर्यंत उतरवून इमारतीचा भार त्यांच्यावर घेतला, ते काम २०२३ मध्ये संपलं. फ्लॅटच्या किमती किती उतरल्या ते मला विचारू नका, मी मातीची बाई आहे.

पिसाला गेले आणि सगळ्यांसारखा मनोऱ्याला हाताचा टेकू दिल्याचा फोटो काढला. सून म्हणाली, आई, फारच हे. तुमचं मत?
— एक वाचक, पुणे (सदाशिव पेठ)

मीही तिथं गेले होते. त्या हिरवळीवर शेकडो माणसं हवेत हात उभारून ताटकळलेली असतात आणि त्यांच्या कुणाच्याच हातात मनोरा नसतो, कारण प्रत्येकाचा फोटो काढणारा वेगळ्या कोनात उभा. लांबून बघितलं तर सामुदायिक कवायत. फोटो काढलात ते बरं केलंत. सुनेचाही असणार, तिच्या मोबाइलमध्ये शोधा.

ताई, काशीला मणिकर्णिका घाटावरचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ पिसापेक्षाही जास्त कललंय. आमच्याकडे सांगतात की अहिल्याबाईंच्या दासीनं, रत्नाबाईनं ते बांधून त्याला स्वतःचं नाव दिलं, म्हणून अहिल्याबाईंनी शाप दिला. खरं का?
— एक वाचक, इंदूर

देऊळ कललेलं आहे, साधारण ९ अंश सांगतात, म्हणजे आजच्या पिसाच्या दुपटीहून जास्त. उंची कमी म्हणून तितकं भीतीदायक वाटत नाही. बाकीच्या गोष्टीला माझा विरोध आहे, आणि तो मातीपेक्षा अहिल्याबाईंच्या बाजूनं आहे. ज्या बाईनं काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, ती आपल्या दासीनं एक देऊळ बांधलं म्हणून शाप देत बसेल? उलट साडी-चोळी दिली असती. हीच कथा आईच्या ऋणाची म्हणूनही सांगतात, तिथं शाप आई देते. शाप देणारी बदलते, देऊळ तेच.

घाटावर जाऊन उभ्या राहा. काशीची बाकी देवळं घाटाच्या वरच्या अंगाला, हे मात्र अगदी खाली, पाण्यालगत. पावसाळ्यात गंगा गाभाऱ्यात, पाणी उतरलं की आत गाळ. दरवर्षी खालची माती भिजते, फुगते, वाहते, बसते. असल्या जागी दगडी देऊळ सरळ राहिलं असतं तर मी शाप-उःशाप मानले असते.

आमचं नवीन घर काळ्या रानात बांधायचं आहे. शेजाऱ्याची कंपाउंडची भिंत दोन वर्षांत झुकली आणि त्याच्या घराला दारावरून तिरप्या भेगा पडल्या. आमचा पिसा होणार का?
— एक शेतकरी, परभणी

हा खरा प्रश्न. पिसात माती दबली, तुमच्याकडची फुगते. काळी माती पावसात पाणी पिऊन वर येते, उन्हाळ्यात आटून हाताएवढ्या भेगा पडतात. घर दरवर्षी उचललं जातं आणि सोडलं जातं, ते सगळीकडे सारखं नाही, म्हणून दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. कंपाउंडच्या भिंतीला हलका, उथळ पाया, त्यामुळे ती आधी झुकते.

आधी जागेवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये खड्डे घेऊन बघा, मुरूम किती खोल लागतो. परवडेल इतक्या खोलीवर लागला तर पाया मुरमापर्यंत न्या, मधेच थांबू नका, गवंडी कितीही म्हणाला की "एवढं बस आहे." फार खोल गेला तर खाली फुगा असलेले पाइल, ज्यांना अंडर-रीम्ड म्हणतात, ते घ्या. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी बसवून दिलेली आहे. पाइलवरची तुळई जमिनीला टेकवू नका, खाली फट ठेवा, नाहीतर फुगलेली माती तिलाच वर ढकलेल. खणलेल्या चरात पुन्हा काळी मातीच भरू नका, मुरूम भरून धुमसा. घराभोवती पाणी साचू देऊ नका, न्हाणीचं आणि गच्चीचं पाणी पाइपानं लांब सोडा. भिंतीलगत लिंब, वड, पिंपळ लावू नका. नमुन्यांची तपासणी एकदा करून घ्या, त्याचा खर्च एका दारापेक्षा जास्त येत नाही. आणि अहवाल आला की फायलीला लावण्याआधी वाचा.